सामानाच्या खोलीतल्या मॅडम

बोलता बोलता त्या मध्येच तोंडापुढे वही धरायच्या. समोर मूल असो, पालक असो नाहीतर आमचे हेडसर, वाक्य अर्ध्यावर आलं की वही वर जायची आणि उरलेलं वाक्य वहीच्या पलीकडून यायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईचे दात पुढे असतील, लाज वाटत असेल. मग एकदा मधल्या सुट्टीत त्या खळखळून हसल्या तेव्हा मी मुद्दाम बघितलं. दात चांगले सरळ होते.

"मॅडम, हे वहीचं काय आहे हो?" मी विचारलंच. माझ्या पोटात काही राहत नाही.

"समोरचा कानांनी ऐकतो का डोळ्यांनी, ते कळतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कानांनी ऐकता, पगारेबाई. पण लक्ष देऊन नाही."

झाली आमची ओळख!

आम्ही सगळ्या शिक्षिका म्हणजे 'बाई' आणि त्या एकट्या 'मॅडम'. त्यांनी मुंबईला मेंदूच्या मानसशास्त्राचा कसलासा लांबलचक कोर्स केला होता. वाचता न येणारी, ऐकायला कमी येणारी, हिशेबात गोंधळणारी मुलं कशी शिकवायची, याचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतेय मी. गंगापूर रोडला तेव्हा कुठे इमारती उठायला लागल्या होत्या आणि आमच्या शाळेच्या मागे अजून द्राक्षाचा मळा होता. अशा वेळी नाशकात 'मेंदूचं प्रशिक्षण' हा शब्द कोणी ऐकलेला? आमच्याकडे दोनच प्रकारची मुलं असायची. हुशार आणि ढ.

त्या शाळेत आल्या त्या मुळात एका मुलासाठी. आमच्या संस्थेच्या एका विश्वस्तांचा नातू तिसरीत होता आणि त्याला वाचताच येईना. गरिबाचं पोर असतं तर ढ म्हणून विषय संपला असता. नातू पडला विश्वस्तांचा, त्यामुळे तो ढ असणं शक्यच नव्हतं. म्हणून आठवड्यातून तीन दिवस मॅडम आल्या आणि त्यांना जिन्याखालची सामानाची खोली मिळाली. तिथे लेझीम, फाटके नकाशे आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर पडलेलं असायचं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी मखर व्हरांड्यात काढून ठेवलं. शिपाईमामा धावत आले. "मॅडम, देवाचं आहे ते!"

"देव त्यात दहा दिवस बसतो," मॅडम म्हणाल्या. "माझी मुलं वर्षभर बसणार आहेत."

मग त्या खोलीत जे काही चालायचं, ते आम्ही येताजाता वाकून बघायचो आणि स्टाफरूममध्ये येऊन हसायचो. फरशीवर खडूच्या चौकटी आखून त्यात एका पायावर उड्या. उजव्या हाताने डावा कान धरा, डाव्या हाताने उजवा. डोळे मिटून मूग आणि मटकी वेगळी करा. परातीत वाळू घालून त्यात बोटाने आडवा आठ गिरवा, अगदी हात दुखेपर्यंत. मॅडम टाळ्या वाजवायच्या, दोन, मग थांबून तीन, आणि पोराने तशाच वाजवायच्या. तासभर हेच. पुस्तक उघडायचं नावच नाही.

"आम्ही सहा सहा तास घसा फोडतो आणि ह्या लंगडी खेळतात," असं मीच म्हणाले होते. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू?

ते त्यांच्या कानावर गेलं असावं. एके दिवशी मला धरून खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "बसा. परातीत डाव्या हाताने तुमचं नाव गिरवा." मी गिरवलं. कोंबडीने उकिरडा उकरावा तसं दिसत होतं. "रोज दहा मिनिटं गिरवा, महिन्याने येईल. शेतातून पायवाट कशी पडते? रोज माणसं चालली की पडते. मेंदूत पण तसंच आहे. काही पोरांची वाट जन्मतः पडलेली नसते, ती आपण पाडायची. आणि तुम्ही काय करता? वाट नसलेल्या पोराला छडी मारून पळ म्हणता."

विश्वस्तांना घाई होती. ते एकदा गाडीतून उतरून थेट खोलीत आले आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही रोज पाच बदाम भिजवून देतोय त्याला. तरी अजून जोडाक्षर वाचत नाही."

"बदाम तुम्ही खा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्याच्यापेक्षा तुम्हाला गरज आहे. वर्षभर धीर धरायचाय."

विश्वस्तांना असं बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. पण वर्षाने तो मुलगा वाचायला लागला. अडखळत, बोट ठेवून, पण वाचायला लागला. त्यामुळे मॅडमची नोकरी टिकली आणि जीभही.

त्या जिभेवर दोन शब्द कायम तयार असायचे. "कोण म्हणतं?" कुणी म्हणालं, 'ह्याला नाही जमणार', की लगेच "कोण म्हणतं? नाव सांगा त्याचं." नाव सांगायची पंचाईत व्हायची, कारण बहुतेक वेळा ते आपलंच असायचं.

आता हिराचं सांगते. त्यासाठीच तर लिहायला बसलेय.

हिरा माझ्या चौथीच्या वर्गात होती. तिचे आईवडील पेठकडच्या डोंगरातले. वडील एका बांधकामावर वॉचमन, आई तिथेच विटा वाहायची. पोरगी काटक, गप्प आणि वर्गात सगळ्यांत उंच. आमच्याकडे मुलं उंचीप्रमाणे बसवायची पद्धत. जूनमध्ये पहिल्या दिवशी रांग लावायची, बुटकी पुढे, उंच मागे, आणि तीच जागा वर्षभर. हिरा अर्थातच शेवटच्या बाकावर बसायची. पहिलीपासून तिथेच.

अक्षर तिचं सुरेख. फळ्यावरचं उतरवून घेताना एक वेलांटी चुकायची नाही. पण श्रुतलेखनात विसात दोन. मी रांगांमधून फिरत फिरत श्रुतलेखन घालायची, कधी तोंड खिडकीकडे, कधी पाठ पोरांकडे. हिराच्या वहीत निम्मे शब्द गायब. बोलायची तेही विचित्रच. शाळेला 'आळा', साखरेला 'आकर'. मला वाटायचं, ही त्यांची डोंगराकडची भाषा. सगळ्यांनाच तसं वाटायचं. तीन वर्षं तीन शिक्षकांना तसं वाटलं. आपण एवढे शिकलेले, पण पेठची माणसं नेमकी कसं बोलतात, हे कुणाला माहीत होतं? नीट ऐकलंच नव्हतं कधी.

आणि पाढे सगळा वर्ग एकसुरात म्हणायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. साठ पोरांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. त्यात हिराही ओठ हलवायची. मी बघायची, ओठ हलतायत, म्हणजे पाढे येतात. श्रुतलेखन येत नाही म्हणजे निष्काळजी. दोनदा पट्टीही मारली मी तिला. सहामाहीला वर्गाच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे माझ्या हाताने शेरा लिहिला: 'बुद्धी बेताची. आकलन नाही.' लिहिताना हात जरासुद्धा थांबला नाही.

डिसेंबरात एकदा मॅडम माझ्या वर्गात मागे येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या मुलाला बघायला आल्या होत्या, पण पाढे सुरू झाल्यावर त्या हिराकडेच बघत राहिल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "त्या उंच मुलीला एकटीला विचारा. सतरा सक किती?"

मी विचारलं. हिराने आधी शेजारणीच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसऱ्या शेजारणीच्या. दोघी गप्प होत्या, म्हणून हिराही गप्प.

मॅडमनी तिला खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि मला दारात उभं केलं. स्वतः तिच्या मागे जाऊन बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळला. हिरा ढिम्म. वाटीवर चमचा वाजवला, काही नाही. मग परात फरशीवर आपटली. हिराने गर्रकन मान वळवली. मी म्हणाले, "बघा, ऐकू येतंय की!"

"पायाला कळलं," मॅडम म्हणाल्या. तिचे अनवाणी पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि परात पुन्हा आपटली. या वेळी कितीतरी उशिराने, शंका आल्यासारखी तिने मान वळवली.

सिव्हिलला नेऊन कान तपासले. दोन्ही कान अधू निघाले, डावा जास्त. जाड आवाज थोडेफार यायचे, बारीक आवाज गळून जायचे. स, श, फ तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. जे कानावर आलंच नाही, ते ती बोलणार कुठून?

मॅडमनी परत आल्या आल्या माझं रजिस्टर मागितलं. शेरा वाचला आणि म्हणाल्या, "खोडा हा."

"रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही," मी म्हणाले. "हेडसरांची सही लागते."

"शेरा खोडलेला चालत नाही. आणि मूल खोडलेलं चालतं?"

मला असा राग आला! बावीस वर्षं झाली होती मला नोकरीला. कालची आलेली बाई मला शिकवणार? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, हे आणखी झोंबलं. तिसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, "हिराच्या आईकडे चाललेय. यायचं तर या." आणि मी गेले.

आई डोक्यावरचं घमेलं उतरवून, पदराने तोंड पुसत आली. मी अजून स्वतःला सोडवायच्या मागे होते. म्हटलं, "तुम्ही घरी तुमची भाषा बोलत असाल ना, त्यामुळे तिला शाळेतली जमत नाही. तिचं बोलणं आम्हाला कळत नाही."

आईने पदर पुन्हा खोचला. मग म्हणाली, "आमालाबी नाय कळत, बाई. तिचं बोलणं आमच्यासारखं कुठं हाय? आमाला वाटलं, साळंतली भाषा बोलतेय."

आम्हाला वाटत होतं पोरगी डोंगराची भाषा बोलतेय, डोंगरातल्या आईला वाटत होतं ती आमची बोलतेय. आणि नऊ वर्षांची ती पोर दोन्हीकडे एकटी. शाळेत आल्यावर मी लाल शाईचं पेन घेतलं, शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'हा शेरा चुकीचा आहे. मुलीला ऐकू कमी येते.' आणि सही केली. हेडसरांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना बोलावणं आलं. हेडसर वाईट माणूस नव्हते. पण नियमात नसलेली गोष्ट दिसली की त्यांना घाम फुटायचा. "पगारेबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आणि मॅडम, अशा मुलांसाठी मूकबधिर शाळा असते. दाखला देऊ, तिकडे घाला."

"ती मुकी नाही आणि पूर्ण बहिरीही नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला कानाचं मशीन हवं, पुढची जागा हवी आणि माझा रोजचा एक तास हवा. मग ती इथेच शिकेल."

"आणि नाही शिकली तर? चौथीतून वर पाठवायचं, तर वरच्या विभागाला तोंड मी द्यायचंय. ते जमण्यासारखं नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!" हेडसर ओरडले. हा पहिला माणूस, ज्याने नाव सांगितलं. मग त्यांनीच अट घातली. एप्रिलमध्ये हिराची तोंडी परीक्षा ते स्वतः घेणार. वाचून दाखवलं आणि प्रश्नांची उत्तरं दिली, तर पाचवी. नाहीतर दाखला, आणि माझ्या लाल शाईखाली त्यांचा शेरा. पुढे जाऊन ते एवढंही म्हणाले, की मॅडमच्या खोलीचा तेव्हाच विचार करू.

हातात जेमतेम साडेतीन महिने होते.

मॅडमनी पहिल्यांदा हिराची जागा बदलली. पुढचा बाक, खिडकीकडचा कोपरा, बरा कान वर्गाकडे. दोन पालक भांडायला आले, उंच पोरगी पुढे कशी काय बसवली म्हणून. मॅडम म्हणाल्या, "उंची कशाला मोजता? फळा काय झाडावर टांगलाय?" कोपऱ्यात असल्यामुळे कुणाच्याच आड ती येत नव्हती, पण पालकांना ते दाखवावं लागलं.

मग मशीन आलं. तेव्हाची मशीनं म्हणजे छातीवर काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. आम्हाला वाटलं, आता डबी लावली की पोरगी पोपटासारखी बोलणार. शिक्षक जमले, शिपाईमामा पेढा घेऊन आले. मॅडमनी डबी लावून बटण फिरवलं. हिराने दोन्ही हातांनी कान दाबले, किंचाळली आणि वायर ओढून डबी भिंतीवर फेकली.

"उचल ती!" मॅडम ओरडल्या. हिरा पळून गेली. पेढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेत आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या दिवशी आल्या त्या डोकं धरून. आदला अख्खा दिवस त्यांनी ती डबी स्वतःच्या छातीवर लावून काढला होता. तशाच रविवार कारंज्यावर बाजारात फिरल्या होत्या. "सगळं एकदम अंगावर येतं हो," त्या म्हणाल्या. "हॉर्न, भांडी, चपला, माणसं. काय ऐकायचं आणि काय सोडायचं, ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण मेंदू शिकलेला असतो. तिचा शिकलेला नाही. मी दहा मिनिटांपासून सुरुवात करायला हवी होती. चूक माझी." आणि त्यांनी हिराजवळ जाऊन, तिच्या समोर बसून, सावकाश, "माझं चुकलं" असं म्हटलं. चौथीतल्या पोरीला! आमच्या शाळेत असं कुणी कधी केलं नव्हतं.

आता मॅडम तीन दिवसांऐवजी रोज यायला लागल्या. रोज दहा मिनिटं, पुढे वीस, मग तासभर. नुसता वाटीचा आवाज आणि गप्प बसणं. मग वाटीचा का पेल्याचा. मग टाळ्या किती. मग 'स' म्हणताना हातावर लागणारी हवा. रात्रीतून काही चमत्कार झाला नाही. फेब्रुवारीत एक दिवस हिरा 'शाळा' म्हणाली, तोही 'श' बराचसा 'स'कडे झुकलेला, आणि मॅडमनी मला ते ऐकायला भर तासातून बोलावलं.

पण सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी कशावर घालवला असेल? एका वाक्यावर. "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." रोज ते म्हणून घ्यायच्या. आधी हळू, मग मोठ्याने, मग उभं राहून. वहीआडून काहीतरी बोलायच्या आणि वाट बघत बसायच्या. पोरगी मान डोलवून कळल्याचं सोंग करायची. नऊ वर्षं तिने तेच केलं होतं. मॅडम पुन्हा वही धरायच्या. शेवटी एकदा हिरा चिडून ओरडली, "पुन्हा सांगा!" आणि मॅडम खूश झाल्या.

मला मात्र ते आवडलं नाही. ती पोरगी वर्गात मला उठून दहादा म्हणायला लागली, "बाई, पुन्हा सांगा." "पोरीला उद्धट करताय तुम्ही," मी मॅडमना म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "तिला लागणार आहे."

एप्रिल उजाडला. हेडसरांनी मॅडमना ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं, आत खुणा कराल म्हणून. आत आम्ही तिघं होतो. टेबलापलीकडे हेडसर, अलीकडे हिरा, बाजूला रजिस्टर घेऊन मी.

"वाच," हेडसर म्हणाले. हिराने धडा वाचला. हळू, बोट ठेवून, दोन ठिकाणी अडखळत, पण वाचला. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग हेडसरांनी पुस्तक मिटून पहिला प्रश्न विचारला आणि हिरा नुसती बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारला, मोठ्याने. तरी ती गप्पच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हेडसरांच्या पाठीमागे खिडकी होती. एप्रिलचं ऊन सगळं मागून येत होतं आणि त्यांचं तोंड काळं पडलं होतं. त्यात त्या झुपकेदार मिशा. पोरीला त्यांचे ओठच दिसत नव्हते. मशीनमधून येणारा आवाज अजून तिला एकट्याने पुरत नव्हता.

मी बोलायला तोंड उघडलं. हेडसरांनी हात वर केला. "बाई, तुम्ही नाही." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

साडेतीन महिने गेले, पोरगी गेली आणि मी तिथे शहाण्यासारखी बसून आहे.

हिरा उठली. टेबलाला वळसा घालून हेडसरांच्या खुर्चीपाशी, खिडकीत जाऊन उभी राहिली. त्या टेबलापलीकडे कधी कुठलं मूल गेलं नव्हतं. आम्ही शिक्षकसुद्धा जात नव्हतो. डबीची वायर सावरत ती म्हणाली, "सर, इकडं बघा. तोंड दिसत नाय तुमचं. पुन्हा सांगा."

हेडसर खुर्चीत वळले. उजेड त्यांच्या तोंडावर आला. ते ओरडून प्रश्न विचारायला लागले, तर ही म्हणते, "ओरडू नका. हळू."

पाच प्रश्न विचारले. चारांची उत्तरं तिने बरोबर दिली. पाचव्याला म्हणाली, "हे नाय येत मला." हेडसरांनी रजिस्टर ओढलं आणि माझ्या लाल रेघेशेजारी सही केली. "उद्धट आहे मुलगी," ते म्हणाले. पण टोपण लावताना मिशीत हसत होते, मी बघितलं.

बाहेर मॅडम बाकावर ताठ बसलेल्या. "किती आले?"

"चार."

"पाचवा का नाही आला?" त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मग मीही त्यांच्याशेजारी बसून रडून घेतलं.

पुढे हिरा सातवीपर्यंत आमच्याकडे होती. बांधकाम संपल्यावर तिचे आईवडील गावी परतले, पण तिची दहावी झाल्याचं तिची आई मला मुद्दाम सांगायला आली होती.

मॅडम मात्र टिकल्या नाहीत. विश्वस्तांचा नातू मोठा होऊन दुसऱ्या शाळेत गेला, आणि शाळेला कॉम्प्युटरसाठी खोली हवी होती. तोपर्यंत कॉम्प्युटर म्हणजे प्रगती, असं सगळ्यांना पटलं होतं. मॅडम भांडल्या. खोली गेल्यावर त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर तास घेतले, पूर्ण सत्रभर. निरोप समारंभात शाल पुढे केली, तर म्हणाल्या, "शाल नको. खोली द्या." शाल हेडसरांच्या हातात तशीच राहिली आणि या चालत्या झाल्या.

पुढे त्या सटाण्याकडे गेल्या. आठवड्याला पाच शाळा, एसटीने. एक कार्ड आलं होतं: 'इथली मुलं "आहे"ला "शे" म्हणतात. आधी मला कळेना. मी म्हटलं, पुन्हा सांगा. मुलं फार मोठ्या मनाची आहेत, पुन्हा सांगतात.' मग काही वर्षांनी कुठल्याशा प्रशिक्षणात चहा पिता पिता एक शिक्षक सहज म्हणाले, "त्या मॅडम वारल्या की, कावीळ झाली होती. तुम्हाला माहीत नाही?" मला नव्हतं माहीत. चार महिने होऊन गेले होते. कोणाला सांगायचं सुचलं नाही आणि मी विचारलं नाही. याचा राग मी अजून कुणावर काढू, ते मला कळत नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, तेव्हा मी शाळेच्या कपाटातून माझी जुनी रजिस्टरं काढली. हिराच्या आधीची. 'बुद्धी बेताची', 'आकलन नाही', 'पुढे शिकण्यास अपात्र'. अक्षर माझंच, सुवाच्य. अकरा नावं निघाली. सगळ्यांना काही कमी ऐकू येत नसणार, पण मी बघितलं कुठे होतं? लाल पेन घेऊन अकराच्या अकरा शेरे खोडले आणि सही केली. नवे हेडसर म्हणाले, "बाई, जुन्या रजिस्टरला हात लावायचा नसतो. आणि आता कोण बघतंय ते?" मी म्हटलं, मी बघतेय. काय कारवाई करायची ती करा.

मग नावं शोधायला निघाले. काही गेली ती सापडलीच नाहीत. पण सुमन सापडली, निफाडजवळ, एका द्राक्षाच्या बागेत कामाला. तिशीच्या पुढची बाई, दोन मुलांची आई. मला बघून कात्री खाली ठेवून पाया पडायला आली. मी तिला पडू दिलं नाही. म्हटलं, "सुमन, तू चौथीत होतीस तेव्हा मी तुझ्याबद्दल वाईट लिहिलं होतं. त्यामुळे तुझी शाळा सुटली. ते खोटं होतं. तू ढ नव्हतीस, मी चुकले." भडाभडा बोलत होते, श्वास न घेता, कधी तिच्याकडे बघत, कधी खाली.

ती मान डोलवत होती. हसत होती. "व्हय, बाई. व्हय, बाई." आणि तिची नजर सगळा वेळ माझ्या ओठांवर होती.

मी थांबले. तिचा हात धरून तिला वेलीच्या सावलीतून उजेडात आणलं, माझंही तोंड उजेडाकडे केलं, आणि पहिल्यापासून, सावकाश, सगळं पुन्हा सांगितलं.